इंग्रजीच्या वर्गाबाहेरची रांग

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका आदेशावर सही केली आणि इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून जवळजवळ अडीचशे वर्षे असे काही घोषित न करताच त्या देशाचे चालले होते. याच आदेशाने आणखी एक गोष्ट केली. इंग्रजी नीट न येणाऱ्या माणसालाही सरकारी सेवांचा लाभ घेता यावा, म्हणून २००० साली बिल क्लिंटन यांनी काढलेला आदेश रद्द झाला. मग ठरलेला वाद ठरल्याप्रमाणे पार पडला. एका बाजूने सांगितले की, ज्यांना इथे राहायचे आहे त्यांनी इंग्रजी शिकलेच पाहिजे, एका भाषेशिवाय देश एक राहत नाही. दुसऱ्या बाजूने म्हटले की, हा परक्यांविषयीचा आकस आहे. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत होते, पण शिकागोत किंवा न्यू जर्सीत आठवड्यापूर्वी उतरलेल्या माणसाला पडणारा साधा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही: शिकायचे कुठे, कधी आणि कुणाकडे? आदेशात इंग्रजीचे गुणगान होते, वर्गांसाठी पैसा नव्हता. त्याच वर्षी जुलैत तर प्रौढशिक्षणाचा केंद्रीय निधी काही आठवडे अडवून धरला गेला आणि ओरड झाल्यावर सोडण्यात आला.

अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या भाषेबद्दलची जवळजवळ सगळी चर्चा त्यांच्या इच्छेबद्दल असते. त्यांना शिकायचे आहे की नाही, ते आपापल्या वस्त्यांत कोंडून घेतात का, वगैरे. माझे म्हणणे असे की, इच्छा हा इथला दुय्यम प्रश्न आहे. जे काही भरवशाचे पुरावे हाताशी आहेत ते सांगतात की, इच्छा भरपूर आहे. कमतरता आहे ती जागांची, वेळेची आणि नीट शिकवणाऱ्यांची. आणि या तिन्ही गोष्टी नव्या माणसाच्या नव्हे, शहराच्या हातात असतात.

आधी आकड्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकी जनगणना विभागाच्या २०१९च्या अंदाजानुसार पाच वर्षांवरील ६ कोटी ७८ लाख लोक घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलत होते. म्हणजे साधारण पाचातला एक. १९८०मध्ये ही संख्या २ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. हा आकडा दाखवून लोकांना घाबरवणे सोपे असते. पण घरात मराठी बोलणारा सॉफ्टवेअर अभियंताही याच आकड्यात मोजला जातो. यांतल्या बहुसंख्य लोकांनी आपल्याला इंग्रजी ‘अतिशय चांगले’ येते असे जनगणनेला सांगितलेले आहे. तसे न सांगणारे अडीच कोटींच्या घरात आहेत, आणि त्यांच्यातही सगळे सारखे नाहीत. कुणाला दुकानापुरते येते, कुणाला वाचता येते पण बोलता येत नाही, आणि कुणी आयुष्यात कधीच पाटी-पेन्सिल हातात धरलेली नाही. हे सगळे जण एकाच वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहतात.

हे दार किती अरुंद आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावातून आला आहे. बोस्टनच्या पश्चिमेला असलेल्या या गावात ब्राझीलहून आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. तिथे सार्वजनिक शाळांतर्फे प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग चालतात, आणि जागांपेक्षा इच्छुक कितीतरी जास्त असल्यामुळे प्रवेश चिठ्ठ्या टाकून द्यावे लागतात. संशोधकांच्या दृष्टीने चिठ्ठी ही मोठीच देणगी. एरवी वर्गाला जाणारे आणि न जाणारे यांची तुलना केली, तर कुणीही म्हणेल की, जाणारे मुळातच जास्त धडपडे असणार. त्यांची कमाई वाढली ती धडपडीमुळे, वर्गामुळे नव्हे. इथे मात्र दोन्ही गटांनी अर्ज केलेला होता, धडपड दोघांचीही सारखी होती आणि फरक होता तो फक्त नशिबाचा. ब्लेक हेलर आणि कर्स्टिन स्लुंगार्ड मम्मा या दोन संशोधकांनी हे अर्जदार पुढे करांच्या आणि मतदारांच्या नोंदींत शोधून काढले. वर्गात बसायला मिळालेल्यांची वार्षिक कमाई सुमारे २,४०० डॉलरनी, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मतदार म्हणून नाव नोंदवण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. वाढलेल्या कमाईवरचा कर धरला, तर कालांतराने कार्यक्रमाचा खर्च पूर्ण वसूल होतो आणि करदात्याला वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास परतावा मिळतो, असा त्यांचा हिशेब आहे.

या अभ्यासाला मर्यादा आहेत. हे एकच गाव, आणि तिथला कार्यक्रमही बऱ्यापैकी चांगला चालणारा. सगळीकडे इतकेच पीक येईल असे नाही. शिवाय २,४०० डॉलर म्हणजे ५६ टक्के, तर मूळ सरासरी किती तुटपुंजी असेल तेही कळते. इंग्रजी आल्यावर कुणी श्रीमंत होत नाही. भांडी घासणारा फार तर गिऱ्हाइकांशी बोलण्याच्या कामावर जातो. पण मला या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती निष्कर्षाच्याही आधीची. प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, हीच ती गोष्ट. ‘त्यांना शिकायचेच नाही’ हे खरे असते, तर बाके रिकामी राहिली असती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमचे आजोबा-पणजोबा जर्मनीहून, इटलीहून आले, त्यांना कुणी फुकट वर्ग काढून दिले होते? ते पडत-झडत शिकलेच की! कौटुंबिक आठवण म्हणून हे गोड आहे. इतिहास म्हणून ते टिकत नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या जर्मन वस्त्यांविषयी मिरांडा विल्करसन आणि जोसेफ सॅमन्स या भाषा-अभ्यासकांनी २००८मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९१०च्या जनगणनेची जुनी पाने चाळल्यावर त्यांना काय दिसले? येऊन कित्येक दशके झालेली, आणि काही तर अमेरिकेतच जन्मलेली माणसे फक्त जर्मन बोलत होती. त्यांची शेती, चर्च, वर्तमानपत्र, दारूचा गुत्ता, शाळा सगळे जर्मनमध्ये चालत असे आणि कुणाचे काही अडत नसे. त्या वर्षी देशभरात परदेशी जन्मलेल्या, दहा वर्षांवरच्या लोकांपैकी पाचातल्या एकाहून अधिक जणांना इंग्रजी बोलता येत नव्हते. कारण उघड आहे. कत्तलखान्यात, खाणीत किंवा पोलादाच्या भट्टीवर हातांना काम होते, जिभेला नव्हते. आज त्यांतली बरीच कामे यंत्रांनी घेतली आहेत किंवा परदेशी गेली आहेत, आणि उरलेल्या कामांत गोदामातल्या हमालालाही पडद्यावरच्या सूचना वाचाव्या लागतात. म्हणजे पूर्वजांना भाषेची गरज कमी होती आणि तरी ते हळूहळू शिकले. आजच्यांना गरज जास्त आहे आणि, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१५च्या अहवालानुसार, ते पूर्वीच्यांइतक्याच किंवा त्याहून अधिक वेगाने शिकत आहेत. उगाच हळहळण्यासारखे काही नाही.

पूर्वी मदत नव्हती हेही अर्धेच खरे. मदत होती, आणि ती कशी असावी यावरचा मोठा झगडा तेव्हाच होऊन गेला आहे. आजच्या वर्गांचे चांगले-वाईट संस्कार तिथलेच. शिकागोच्या पश्चिम भागात हॉल्स्टेड रस्त्यावर १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन सुशिक्षित तरुण स्त्रियांनी एक जुना वाडा घेतला आणि त्या तिथेच राहू लागल्या. हा हल हाउस. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, बोहेमियन आणि रशियातून पळून आलेले ज्यू. हल हाउसमध्ये बालवाडी निघाली, इंग्रजीचे रात्रवर्ग निघाले, नागरिकत्वाची तयारी करून घेतली जाऊ लागली. त्याच गोतावळ्यातून १९०८ साली शिकागोत स्थलांतरितांच्या रक्षणासाठी एक संघ उभा राहिला. ग्रेस ॲबट त्याच्या प्रमुख होत्या. संघाची माणसे थेट रेल्वे स्टेशनवर जाऊन नव्याने उतरलेल्यांना भेटत, कारण तिथूनच लुबाडणूक सुरू होई: जादा भाडे घेणारे गाडीवाले, खोट्या नोकऱ्या देणारे दलाल, पैसे गावी पाठवतो म्हणून गडप होणारे ‘बँकर’. व्याकरणाआधी पत्ता हवा, क्रियापदांआधी पावती मागता यायला हवी, हे या मंडळींना अनुभवाने कळले होते.

ॲडम्सबाईंना आणखी एक गोष्ट दिसली. मुले शाळेत इंग्रजी शिकत होती आणि आपल्या अडाणी, डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आयांची त्यांना लाज वाटू लागली होती. एका म्हाताऱ्या इटालियन बाईला साध्या चातीवर सूत कातताना पाहून ॲडम्सबाईंच्या डोक्यात कल्पना आली आणि १९०० साली हल हाउसमध्ये श्रम-संग्रहालय सुरू झाले. सीरियन, ग्रीक, इटालियन, आयरिश बायका तिथे आपापल्या पद्धतीने कातत, विणत आणि पाहायला येणाऱ्यांना शिकवत. इंग्रजीच्या वर्गात विद्यार्थिनी असलेली बाई इथे शिक्षिका असे. भाषा शिकताना माणूस पुन्हा लहान मूल होतो, आणि पन्नाशीच्या बाईला रोज दोन तास लहान मूल होणे अपमानास्पद वाटते. हल हाउसने त्यावर व्याख्यान दिले नाही. दुसरे दालन उघडून दिले.

याच्या अगदी उलट टोकाला हेन्री फोर्ड. जानेवारी १९१४मध्ये फोर्ड कंपनीने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि जग चकित झाले. पण पाच डॉलरांतला मोठा हिस्सा नफ्यातला वाटा म्हणून मिळे आणि तो मिळायला अटी होत्या. कंपनीच्या ‘समाजशास्त्र विभागा’चे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन घर स्वच्छ आहे का, पैसे साठतात का, बिऱ्हाडकरू किती ठेवले आहेत, हे पाहत. त्याच वर्षी डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात फोर्ड इंग्लिश स्कूल सुरू झाले. इंग्रजी न येणाऱ्या कामगारांना तिथे जावेच लागे, तेही पाळीच्या आधी किंवा नंतर, बिनपगारी वेळात. शिकवण्याची पद्धत वायएमसीएच्या पीटर रॉबर्ट्स यांची, आणि ती आजही कालबाह्य वाटणार नाही: सकाळी उठणे, जेवायला बसणे, बाजारात जाणे, कारखान्यातली अवजारे, असे रोजच्या व्यवहाराचे धडे आणि हातवाऱ्यांसह बोलली जाणारी छोटी वाक्ये. वाद पद्धतीचा नव्हताच, हेतूचा होता. आपण चांगले अमेरिकन आहोत, हे म्हणायला सुरुवातीलाच शिकवले जाई. पदवीदान समारंभात रंगमंचावर एक प्रचंड काहील मांडत. आपापल्या देशाच्या पोशाखातले कामगार एका बाजूने तिच्यात उतरत, मास्तर मोठ्या डावांनी ती ढवळत आणि दुसऱ्या बाजूने तेच कामगार कोट-टाय घालून, हातात अमेरिकी झेंडे घेऊन बाहेर पडत. हे नाटक गंभीरपणे केले जात होते, हे विशेष. पुढे मंदीच्या दिवसांत शाळाही गुंडाळली गेली.

दोन्हीकडे इंग्रजीच शिकवले जात होते, दोन्हीकडे माणसे शिकली. पण एकीकडे भाषा ही माणसाच्या हातात दिलेली गोष्ट होती आणि दुसरीकडे माणसाची परीक्षा. अमेरिका या दोन वृत्तींमध्ये अजून हेलकावे खाते आहे. पहिल्या महायुद्धात दुसरी वृत्ती बेफाम झाली होती. आयोवा राज्याच्या गव्हर्नरांनी १९१८मध्ये सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, प्रार्थनेत, इतकेच काय तर टेलिफोनवरही इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी घातली होती. लहान मुलांना परकी भाषा शिकवणे हा नेब्रास्कात गुन्हा होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली रद्द केला. अशा बंदीने इंग्रजीचा एकही नवा वर्ग उघडल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

आता वेळेचा हिशेब मांडू, कारण खरी गोम तिथे आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला हिंदी कामचलाऊहून बऱ्यापैकी वरच्या पातळीवर यायला ४४ आठवडे आणि सुमारे १,१०० तास वर्ग लागतो, असा या खात्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. हे विद्यार्थी पदवीधर, भाषेची आवड असलेले, वर्गात मोजके, आणि शिकण्याचाच पगार घेणारे. आता शिकागोतल्या हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या बाईकडे पाहा. तिला आठवड्यात दोन संध्याकाळी दोन-दोन तासांचा वर्ग मिळाला आणि शाळेच्या वर्षातले ३६ आठवडे ती एकदाही चुकली नाही, तर वर्षाला १४४ तास होतात. याच गतीने १,१०० तास व्हायला साडेसात वर्षे लागतील. पण न चुकणे शक्य नसते. पाळी बदलते, मूल आजारी पडते, बस चुकते, हिमवादळ येते. मग तीन महिन्यांनी शिक्षक नोंदवहीत लिहितात की, विद्यार्थिनीने वर्ग सोडला, आणि बाहेर कुणीतरी म्हणते की, या लोकांना चिकाटी नाही. सरकारच्या एका खात्याला भाषा शिकायला किती वेळ लागतो हे पक्के माहीत असावे आणि बाकीच्या सरकारने ते माहीत नसल्यासारखे वागावे, याची मला गंमत वाटते.

म्हणून वर्गाच्या आजूबाजूला काय आहे, ते वर्गाइतकेच महत्त्वाचे ठरते. मुले सांभाळायला शेजारची खोली, बसच्या मार्गावरची इमारत, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांचे पर्याय. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या सार्वजनिक वाचनालयाने १९७७पासून नवागतांसाठी वेगळा विभाग चालवला आहे. वाचनालय घराजवळ असते, फुकट असते, तिथे कुणी कागदपत्रे मागत नाही आणि मुलांना पुस्तकांत रमवून आईला वर्गात बसता येते. त्याच शहराच्या प्रशासनाने विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत येता येत नसेल, तर धडा त्यांच्या घरी जावा म्हणून ‘वी आर न्यूयॉर्क’ ही दूरचित्रवाणी मालिका काढली. ती संथ, स्पष्ट इंग्रजीत आहे आणि तिचे विषय आहेत आजारपण, मुलांची शाळा, नोकरीतले हक्क. ती पाहून गप्पा मारण्यासाठी गट निघाले, ते स्वयंसेवक चालवू लागले. कार्यक्रम म्हणून ती रंजकही आहे. सरकारी मालिकेच्या बाबतीत हे मुद्दाम सांगायला हवे.

सगळ्यांना एकच वर्ग चालत नाही, हेही इथेच सांगायला हवे. शिकागोचा डेव्हॉन ॲव्हेन्यू आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना साड्या, दागिने आणि मिठाईसाठी ठाऊक आहे. त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असे नावही आहे. त्याच परिसरात गेल्या काही वर्षांत म्यानमारमधून निघालेले रोहिंग्या येऊन राहिले आहेत. २०१६मध्ये त्यांचे स्वतःचे सांस्कृतिक केंद्रही तिथे उघडले. म्यानमारमध्ये शाळेची दारे यांतल्या अनेकांना बंद होती, आणि त्यांच्या भाषेला सर्वत्र रुळलेली एक लिपीही नाही. असा माणूस चाळिशीत पहिल्यांदा अक्षर गिरवतो आणि ते नेमके परक्या भाषेचे. त्याच्या शेजारच्या बाकावर बगदादचा दंतवैद्य बसला असेल, तर तो दोन आठवड्यांत कंटाळतो आणि पहिला माणूस दोन आठवड्यांत खचतो. पातळ्या वेगळ्या करायच्या, तर शिक्षक वाढवायला हवेत. शिक्षक वाढवायचे, तर पैसा हवा. इथे पुन्हा गाडी तिथेच येते.

पैसा नसेल तर स्वयंसेवक आहेतच की, असा सूर अमेरिकेत नेहमी निघतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. या देशातली स्वयंसेवी साक्षरता चळवळ खरोखर थोर आहे आणि तिचा एक धागा आपल्याकडे येतो. फिलिपीन्समधल्या लानाओ भागात मिशनरी असलेले फ्रँक लॉबॅक यांनी १९३०च्या सुमारास ‘प्रत्येकाने एकाला शिकवावे’ ही पद्धत रूढ केली. पुढे ते भारतात आले, वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि इथल्या भाषांसाठी साक्षरतेचे तक्ते करण्यात त्यांनी भाग घेतला. त्यांची संस्था न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात होती. त्याच शहरात रूथ कोल्विन या गृहिणीने १९६२ साली, आपल्याच परगण्यात हजारो निरक्षर आहेत हे वर्तमानपत्रात वाचून, घराच्या तळघरात शिकवणाऱ्यांना तयार करण्याचे काम सुरू केले. त्यातून उभी राहिलेली संस्था आणि लॉबॅक यांची संस्था २००२मध्ये एकत्र आल्या. कोल्विनबाई १०७ वर्षांच्या होऊन २०२४मध्ये वारल्या. पण त्यांच्या कामातला धडा लोक अर्धाच घेतात. इंग्रजी बोलता येणारा प्रत्येक जण इंग्रजी शिकवू शकतो, असे त्या मानत नव्हत्या. म्हणून तर त्यांनी विद्यार्थ्यांच्याही आधी शिकवणाऱ्यांचे प्रशिक्षण उभे केले. आपल्या मातृभाषेचे नियम आपल्याला सर्वांत कमी माहीत असतात. शिवाय स्वयंसेवक जानेवारीत उत्साहाने येतात आणि एप्रिलमध्ये त्यांची स्वतःची कामे निघतात. गप्पांचा गट, एकट्याला मदत, सिटिझनशिपच्या मुलाखतीची तालीम यांसाठी त्यांना तोड नाही. पण संपूर्ण शहराची गरज त्यांच्या खांद्यावर टाकणे ही काटकसर नव्हे, अंग काढून घेणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दवाखान्यात दुभाषी, पालिकेची पत्रके दहा भाषांत, बँकेत फोनवर हवी ती भाषा: इतकी सोय केल्यावर माणूस इंग्रजी शिकेल कशाला? शिवाय आता खिशातला मोबाइलच भाषांतर करतो. यात तर्क आहे, पण माणसाच्या दिवसाचा विचार नाही. दुभाषी महिन्यातून एकदा, डॉक्टरसमोर पंधरा मिनिटे असतो. बाकीचे तास मुकादम, शेजारीण, बसचालक आणि मुलांच्या शिक्षिका यांच्यासोबत जातात आणि तिथे कुणी दुभाषी उभा नसतो. इंग्रजी शिकण्याची निकड त्या तासांतून येते, दवाखान्यातल्या पंधरा मिनिटांतून नाही. उलट दुभाषी नसेल तर काय होते, हे माहीत आहे: दहा वर्षांच्या मुलीला आईच्या गर्भाशयाचे दुखणे डॉक्टरला समजावून सांगावे लागते. अमेरिकी आरोग्यसेवेच्या २०१६च्या नियमांनी आणीबाणी वगळता लहान मुलांना असे दुभाषी म्हणून वापरायला मनाई केली, ती या कारणाने. मोबाइलचे भाषांतर औषधाची चिठ्ठी वाचायला उत्तम आहे. पण पगारवाढ मागताना, भांडण मिटवताना किंवा विनोद करताना मध्ये यंत्र धरणाऱ्या माणसाशी कुणी मैत्री करत नाही. पहिल्या वर्षात दुभाषी आणि वर्ग या दोन्हींची गरज असते. एक दिले म्हणून दुसरे काढून घ्यायचे कारण नाही.

या प्रश्नात आपण मराठी माणसे दोन्ही बाजूंना उभे असतो. मुंबईत, पुण्यात आपण यजमान असतो आणि बाहेरून आलेल्याने मराठी शिकावे असे आपल्याला वाटते. ते वाटणे रास्तही आहे. पण रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट घालण्यावर जितकी शाई खर्च झाली, त्याच्या शतांशाने तरी रिक्षावाल्याला पहाटे किंवा रात्री सोयीचा मराठीचा वर्ग कुठे आहे, यावर झाली का? अमेरिकेतली चर्चा वाचताना हे खटकत राहते.

आणि अमेरिकेत आपण नवागत असतो, जरा वेगळ्या जातीचे. आपल्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येते, म्हणून आपल्याला मदतीची गरज नाही असे आपल्यालाही वाटते आणि त्यांनाही. पण व्याकरण येणे वेगळे आणि शहर वाचता येणे वेगळे. ५/६ म्हणजे पाच जून नव्हे तर सहा मे, भाड्याच्या कराराखाली सही करताना कशाकशाची जबाबदारी येते, पतइतिहास नसल्यामुळे घर का नाकारले जाते, रुग्णवाहिकेचे बिल कुणाला येते, शाळेतून आलेल्या चिठ्ठीतल्या गोड शब्दांत तक्रार कुठे दडली आहे, हे पाठ्यपुस्तकातले इंग्रजी सांगत नाही. म्हणून चांगले वर्ग भाषा आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकवतात, आणि २०१४च्या केंद्रीय कायद्यात अशा एकत्रित वर्गांसाठी वेगळी तरतूद आहे. आपल्याकडचे शिकलेले लोक या वर्गांकडे फिरकत नाहीत, कारण ‘ते इंग्रजी न येणाऱ्यांसाठी’. थोडा अहंकारही त्यात असतो.

इंग्रजीने मातृभाषा जाईल ही भीती मात्र खरी आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांचा अभ्यास करून रूबेन रुंबाउट आणि डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यासह दाखवले की, शेजारी मेक्सिको असूनही स्पॅनिश साधारण तिसऱ्या पिढीपर्यंत घरातून मावळते. आशियाई भाषा त्याहून लवकर. इंग्रजीला धोका आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वाचावे. १९८१मध्ये स्थापन झालेल्या, उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगाव रविवारच्या मराठी शाळा चालतात, त्या याच चिंतेतून. पण त्या मुलांसाठी आहेत. मंडळांनी आता आजी-आजोबांकडे पाहायला हवे, आणि तेही उलट्या दिशेने.

मुलांनी बोलावून घेतलेले आई-वडील साठी-पासष्टीत ग्रीन कार्डावर येतात. त्यांतले काही निवृत्त मुख्याध्यापक असतात, तर काहींचे आयुष्य स्वयंपाकघरात आणि शेतात गेलेले असते. सोमवार ते शुक्रवार घर रिकामे, गाडी चालवता येत नाही, फोन उचलायची धास्ती. पाच वर्षांनी सिटिझनशिपचा अर्ज करता येतो आणि त्यासाठी इंग्रजी बोलता-वाचता-लिहिता यावे लागते. वय आणि वेळ यांचे नाते कायद्यालाही मान्य आहे: पन्नाशी ओलांडलेल्या आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षे राहिलेल्या, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे राहिलेल्या माणसाला इंग्रजीची अट नाही, तो नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाष्याच्या मदतीने मराठीतूनही देऊ शकतो. पण सवलत नुसत्या वयाला नाही, वास्तव्यालाही आहे. सहासष्टाव्या वर्षी आलेल्या आजीला अर्ज एकाहत्तरीत करता येईल आणि सवलत मिळेल ती एक्याऐंशीव्या वर्षी. वैद्यकीय कारण असेल तरच ती आधी. मधल्या दहा वर्षांसाठी तिच्यापुढे इंग्रजी शिकण्याचाच रस्ता उरतो. शिकागोत सिटी कॉलेजांचे फुकट वर्ग आहेत, डेव्हॉनच्या आसपास भारतीयांच्या संस्थाही इंग्रजी आणि सिटिझनशिपची तयारी करून घेतात. पण उपनगरात राहणाऱ्या आजीला दुपारी दीड वाजता तिथवर कोण नेऊन सोडणार, हे अजून कुणी ठरवलेले नाही.